परत आलेल्या सैनिकाची नोंद घरानेच ठेवायची

रणांगणावर कामी आलेल्या सैनिकाचे नाव देश जपतो. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय समर स्मारकात स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. वीरचक्र, महावीरचक्र मिळालेल्याचे नाव राजपत्रात छापले जाते. डोंबिवलीत घरडा सर्कलला शहीद कॅप्टन विनयकुमार सचान यांचे स्मारक आहे आणि येणारा-जाणारा ते नाव वाचतो.

पण लढाईवर जाऊन धडधाकट परत आलेल्या हवालदाराचे काय? पलटणीतून पेन्शनवर आला, बँकेत बंदूकधारी पहारेकरी म्हणून लागला, वीस वर्षे डोंबिवलीहून लोकलने व्हीटीला जात राहिला आणि एके दिवशी गेला. त्याचे नाव कुठल्याच भिंतीवर नसते. त्याची नोंद राहिली तर घरच्यांनी ठेवली म्हणूनच राहते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत. साताऱ्याकडची, कोकणातली, खानदेशातली माणसे फौजेतून सुटल्यावर मुंबईच्या नोकरीसाठी इकडे स्थिरावली. कुणी रेल्वेत लागले, कुणी नौदलाच्या गोदीत, कुणी अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत, कुणी एमआयडीसीत. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीला टेकला आहे आणि १९६५ चा ऐंशीच्या पुढे आहे. त्यातच जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. दोन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जाताना माळा रिकामा होतो आणि पहिली भंगारात जाते ती वडिलांची काळी ट्रंक. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका. ते कसे करावे, ते क्रमाने पाहू.

आधी नंबर, मग गोष्ट

बहुतेक घरांत सुरुवात गोष्टीपासून होते. ‘बाबा लाहोरपर्यंत गेले होते’, ‘बाबांनी रणगाडा पकडला होता’. गोष्ट ऐकायची आहेच, पण तिला टेकू हवा. तो टेकू म्हणजे सर्व्हिस नंबर. लष्करात एका नावाची दहा माणसे असतात, नंबर मात्र एकाचाच असतो. तो हाती असेल तर रेकॉर्ड ऑफिस उत्तर देऊ शकते, नसेल तर तेही चाचपडते.

नंबर शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा डिस्चार्ज बुक. त्यात भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख, हुद्दा, ट्रेड, पदके, अंगावरच्या खुणा आणि चारित्र्याचा शेरा असतो. दुसरी जागा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. तिसरी माजी सैनिकाचे ओळखपत्र किंवा कँटीनचे जुने कार्ड. चौथी जागा म्हणजे खुद्द ट्रंक. झाकणावर किंवा पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट रंगवलेले असते. पुष्कळदा एका नावाखाली दुसरा, जुना हुद्दा खरवडलेला दिसतो. ट्रंक पुन्हा रंगवण्याआधी तिच्यावर तिरपा उजेड पाडून सगळ्या बाजूंचे फोटो काढा.

इथे दोन गोष्टींनी घोळ होतो. जवान बढती मिळून नायब सुभेदार झाला की त्याचा जुना नंबर जातो आणि ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. म्हणजे एकाच माणसाचे दोन नंबर, आणि दोन्ही खरे. अधिकाऱ्याचा नंबर ‘आयसी’, ‘एसएस’ किंवा ‘ईसी’ने सुरू होतो. यातला ‘ईसी’ म्हणजे इमर्जन्सी कमिशन. १९६२ च्या चीन युद्धानंतर या मार्गाने अनेक पदवीधर तरुण अधिकारी झाले आणि काही वर्षांनी पुन्हा नागरी नोकरीत परतले.

दुसरा घोळ नावागावाचा. भरतीच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिले. घरातले ज्ञानदेव कागदावर ‘ग्यानदेव’ होतात, आडनावाचे स्पेलिंग बदलते, जन्मतारीख अंदाजाने पडते. गाव तेच असले तरी जिल्हा जुना असतो. रायगडचा माणूस कागदावर कुलाब्याचा असतो, सावंतवाडीचा रत्नागिरी जिल्ह्याचा असतो. पालघर तर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. चौकशीच्या पत्रात दोन्ही रूपे लिहा.

हे सगळे एका फुलस्केप पानावर उतरवा. नंबर, नावाची सगळी रूपे, भरतीची तारीख आणि ठिकाण, रेजिमेंट, बटालियन किंवा कंपनी, सेवामुक्तीची तारीख, मूळ गाव. यापुढचे सगळे काम या एका पानावर उभे राहते.

पदके वाचायला शिका

पदक दिसले की घरचे ‘शौर्यपदक’ म्हणून मोकळे होतात. यात वडिलांचा मान वाढत नाही. एखाद्या जाणकाराने चूक दाखवली की उलट खाली मान घालावी लागते. शौर्यासाठी मिळालेली पदके थोडी असतात. बाकीची पदके माणूस कधी, कुठे आणि किती काळ होता एवढेच सांगतात. आणि शोध घेणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धात गेलेल्यांना जनरल सर्व्हिस मेडल मिळाले आणि त्यावर ‘जम्मू अँड काश्मीर’ अशी पट्टी असते. १९६५ च्या लढाईत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांना समरसेवा स्टार. त्याच काळात सेवेत असलेल्या कितीतरी जणांना रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्व आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार, शिवाय संग्राम मेडल. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल अशी दोन वेगळी पदके आहेत. सैन्यसेवा मेडलवरच्या पट्टीवर ज्या प्रदेशात सेवा झाली त्याचे नाव असते. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक तर १९७२ साली फौजेत असलेल्या सर्वांनाच मिळाले.

म्हणजे घरात पूर्वी स्टार असेल आणि कुणी ‘बाबा छांब सेक्टरला होते’ म्हणत असेल, तर एकदा थांबून विचारा. छांब पश्चिमेला आहे. कदाचित ते आधी तिकडे असतील, कदाचित ती गोष्ट काकांची असेल.

पदकाची कडही पाहा. बहुतेक पदकांच्या काठावर नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भिंग आणि मोबाइलचा टॉर्च एवढ्यावर ते वाचता येते. मात्र पदक ब्रासोने घासू नका. चकाकी येते, पण दरवेळी थोडी अक्षरे झिजतात. रिबन धुऊ नका. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपली की पुरे.

पाकिटावरचा शिक्का

पत्रे सापडली तर ती सोन्याहून मोलाची. सैनिकाच्या पत्त्यात गाव नसते, ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ एवढेच असते. ५६ हा साधारणपणे पश्चिम आणि उत्तरेकडच्या टपालाचा, ९९ पूर्वेकडचा. याने निदान दिशा कळते. त्यापुढे पाकिटावरचा गोल शिक्का पाहा. त्यात एफपीओ, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, त्याचा क्रमांक आणि तारीख असते. टपाल-इतिहासाचा नाद असलेले तिकीटसंग्राहक त्या क्रमांकावरून ते ऑफिस तेव्हा कोणत्या भागात होते ते सांगू शकतात. आपल्या शहरात असे संग्राहक हमखास भेटतात.

तारीख पुसली असेल तर तिकीट मदतीला येते. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ अखेरपर्यंत टपालावर पाच पैशांचे जादा ‘शरणार्थी सहायता’ तिकीट लावावे लागे. घरून गेलेल्या पत्रावर ते तिकीट असेल तर पत्राचा काळ आपोआप ठरतो.

पत्रात लढाईचे काहीच नाही म्हणून हिरमुसू नका. लढाईच्या काळात ठिकाण लिहायला बंदीच असे. ‘मी खुशाल आहे, मनीऑर्डर मिळाली का, म्हैस व्याली का’ एवढेच असते. पण पत्रांची एक यादी करा. तारीख, शिक्का, पत्ता आणि एका ओळीत मजकूर. नोव्हेंबरात आठवड्याला येणारे पत्र डिसेंबरात तुटले आणि जानेवारीत पुन्हा सुरू झाले, असे यादीत दिसले की त्या महिन्याने घराला काय केले असेल ते वेगळे सांगावे लागत नाही.

रेकॉर्ड ऑफिसला पत्र

जवान आणि जेसीओंचे (नायब सुभेदार आणि वरचे सुभेदार) सेवा-दप्तर त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे (विद्युत आणि यांत्रिक अभियंत्यांचे) सिकंदराबादला. नौसैनिकांची दप्तरे आपल्या जवळच, मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमध्ये आहेत. हवाई दलाच्या जवानांची दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीच्या मुख्यालयाच्या अखत्यारीत येतात.

पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत, एका पानाचे लिहा. वर नंबर, हुद्दा, नाव, युनिट. खाली नेमके काय हवे ते लिहा. कोणत्या युनिटमध्ये कधी ते कधी होते, कोणती पदके मंजूर झाली, जखमी झाल्याची नोंद आहे का. ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असे लिहिले की पत्र बाजूला पडते. सोबत तुमचे नाते दाखवणारा कागद, वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणि डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानांची झेरॉक्स जोडा. वडील हयात असतील तर अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ द्या. काम निम्म्याने सोपे होते.

उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून नकार येऊ शकतो, म्हणून नात्याचा पुरावा इथेही जोडा.

आणखी एक गोष्ट मनाची तयारी ठेवून समजून घ्या. पेन्शन न मिळता सुटलेल्या सैनिकांचे सविस्तर कागद साधारण पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. त्यांची ‘लाँग रोल’ या नोंदवहीतली त्रोटक नोंद तेवढी राहते. ‘रेकॉर्ड डिस्ट्रॉइड’ असे उत्तर आले म्हणजे वडील फौजेत नव्हते असे नाही. अशा वेळी लाँग रोलचा उतारा मागा.

ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला कसे लिहायचे, हे तिथे माजी सैनिकच तुम्हाला सांगतील. आईला वडिलांमागे मिळायचे कौटुंबिक निवृत्तिवेतन, नावातली तफावत, ओळखपत्र ही कामेही तिथेच मार्गी लागतात. या कामांना मूळ डिस्चार्ज बुक लागते, म्हणून ते कुणाच्याही हाती देऊ नका. अभ्यासकाला, पत्रकाराला, सोसायटीच्या प्रदर्शनाला झेरॉक्सच द्या.

आजोबा किंवा पणजोबा ब्रिटिश काळातल्या फौजेत असतील तर रस्ता वेगळा. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. त्यांचे खडकीचे युद्धस्मारक पुण्याला जाता-येता पाहता येईल. मूळ गावी चावडीवर किंवा शाळेत ‘या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले’ अशी संगमरवरी पाटी आहे का, तेही विचारा. जुन्या कागदावर ‘कल्याण कॅम्प’ दिसला तर ते आजचे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी छावणी होती आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहिले. नेवाळीची धावपट्टीही त्याच युद्धातली.

पलटण त्या दिवशी कुठे होती

नंबर आणि युनिट कळले की पुढचा प्रश्न सोपा होतो. एक उदाहरण घेऊ. समजा, डिस्चार्ज बुकात ‘१ मराठा एलआय’ आहे, भरती १९६८ ची आहे आणि पदकांत पूर्वी स्टार आहे. ही ‘जंगी पलटण’. डिसेंबर १९७१ मध्ये ती ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती आणि तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलेल्या या पलटणीवर १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री निसटू पाहणारे पाकिस्तानी सैनिक चालून आले आणि पलटणीने ते हल्ले मोडून काढले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. एवढ्या चौकटीत वडिलांना बसवून पाहता येते.

बसवून पाहता येते, बसवून टाकता येत नाही. पलटण जमालपूरला होती म्हणून वडीलही त्या रात्री तिथेच होते असे नव्हे. ते रजेवर असतील, कोर्सला असतील, रुग्णालयात असतील किंवा मागे राहिलेल्या ‘रिअर पार्टी’त सामान सांभाळत असतील. म्हणून दोन वाक्ये वेगळी लिहा. ‘पलटण इथे होती’ आणि ‘बाबा इथे होते’. दुसरे वाक्य लिहायला त्यांचे स्वतःचे शब्द, पत्र, फोटो किंवा सोबत्याची साक्ष हवी.

वाचायला मराठीत चांगली पुस्तके आहेत. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे ‘डोमेल ते कारगिल’ काश्मीरच्या युद्धांवर आहे आणि ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ १९६२ वर. पलटणींचे स्वतःचे इतिहास रेजिमेंटल सेंटरमध्ये असतात. २०२१ साली संरक्षण मंत्रालयाने युद्धाच्या नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. वॉर डायऱ्याही त्यात येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर अधूनमधून शोध घेत राहा.

वडील नौदलात असतील तर पलटणीऐवजी जहाजाचे नाव धरा. १९७१ च्या ९ डिसेंबरला दीवजवळ बुडालेल्या ‘खुकरी’ युद्धनौकेवर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तो घाव अनेक नौसैनिकांनी उरी बाळगला, कारण त्यात त्यांचे ट्रेनिंगचे सोबती होते. एखाद्या नौसैनिकाला वाचलेल्यांच्या शोधाला गेलेले दुसरे जहाज आठवत असेल, एखाद्याला गोदीत ती बातमी आली ती सकाळ. दोन्ही लिहून घ्या.

आई मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये असेल तर ती कमिशन मिळालेली अधिकारी होती, हे मुलांना अनेकदा ठाऊकच नसते. तिच्या वॉर्डात आलेली माणसे हीच तिची आघाडी. शोधाची रीत तीच.

आणि घोषित युद्ध नसलेल्या तैनातीला कमी लेखू नका. सियाचिन १९८४ पासून, श्रीलंकेतली शांतिसेना १९८७ ते ९०, संसदेवरील हल्ल्यानंतर सीमेवर काढलेले २००२ चे वर्ष. चालक, स्वयंपाकी, न्हावी, कारकून, वायरलेसवाला यांच्याशिवाय पलटण एक पाऊल पुढे जात नाही. बाबा ‘फक्त’ ट्रक चालवत होते असे म्हणणाऱ्याने डिसेंबरात, दिवे बंद करून, घाटरस्त्याने दारूगोळ्याचा ट्रक नेऊन पाहावा.

बोलते कसे करावे

माजी सैनिक दोन प्रकारचे असतात. एक तीच गोष्ट शंभरदा सांगणारे, दुसरे कधीच न सांगणारे. दोघांसाठी उपाय एकच आहे, वस्तू हातात द्या. पलटणीचा ग्रुप फोटो पुढे ठेवा आणि ‘हा तुमच्या शेजारचा कोण?’ एवढेच विचारा. नाव आठवले की गाव आठवते, गाव आठवले की त्याचे पुढे काय झाले ते येते.

प्रश्न छोटे आणि रोजचे असू द्या. गाडी कोणत्या स्टेशनातून सुटली? डब्यात किती जण होते? थंडीत पायांत काय होते? लंगरात काय मिळायचे? पाणी कुठून यायचे? लढाई सुरू झाल्याचे कुणी सांगितले? घरी खुशाली केव्हा कळवलीत? संपल्यावर पहिली रजा केव्हा मिळाली? ‘तुम्ही किती मारले?’ हा प्रश्न कधीही विचारू नका, नातवंडांनाही विचारू देऊ नका. ‘भीती वाटली का?’ हाही पहिल्या बैठकीतला प्रश्न नव्हे.

तोफखान्यातल्या पुष्कळ जवानांना पुढे कमी ऐकू येते. कोणत्या कानाने बरे ऐकू येते ते पाहून त्या बाजूला बसा. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद करा. मोबाइल टेबलावर नको, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर हाताच्या प्रत्येक थापेचा आवाज येतो. रुळांजवळ घर असेल तर लोकल जाईपर्यंत थांबा. सकाळची वेळ चांगली. झोपायच्या आधी हा विषय काढू नका. पाऊण तासात आवरते घ्या.

त्यांची भाषा तशीच ठेवा. फौजेतून आलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात ‘पिठ्ठू’, ‘मोर्चा’, ‘स्टँड-टू’, ‘साब बोले’ हे शब्द येणारच. ते पुसून शुद्ध मराठी केलेत तर माणूसच पुसला जाईल. तारीख चुकली तर मध्येच दुरुस्त करू नका, नंतर समासात टीप लिहा. मध्येच गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा. ‘पुढे?’ म्हणून टोचू नका. आणि अशा बैठकीनंतर झोप उडाली, दचकून उठणे सुरू झाले, तर काम थांबवा आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. आठवणीचे पुस्तक माणसापेक्षा मोठे नाही.

आईची मुलाखत स्वतंत्र घ्या, वडील समोर नसताना. युद्धाचा दुसरा अर्धा भाग तिच्याकडे असतो. मनीऑर्डर कितीची यायची, रेडिओ कुणाच्या घरी होता, काळोख करण्याच्या रात्री खिडक्यांना काळे कागद कुणी लावले, तार आली की आधी कोण उघडायचे. ‘तुला काय कळतं त्यातलं’ म्हणून तिला आजवर कुणी विचारलेले नसते.

सोबती शोधा. रेजिमेंटच्या माजी सैनिक संघटना, पलटणीचे व्हॉट्सॲप गट, स्थापनादिनाचे मेळावे इथे एक फोटो टाकला की दोन-चार नावे लगेच ओळखली जातात. वडील हयात नसतील तर हाच शेवटचा जिवंत धागा.

ओल, पूर आणि पुनर्विकास

खाडीकाठच्या शहरांत कागदाचा शत्रू ओल. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या तळमजल्यांवरचे संसार पाण्यात गेले. ट्रंक तळमजल्यावर, पलंगाखाली ठेवू नका.

डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. प्लास्टिक चिकटते, पुढे काढता येत नाही आणि काही कचेऱ्या लॅमिनेट केलेला मूळ कागद स्वीकारायला कुरकुर करतात. कागद आम्लमुक्त कागदी पाकिटात ठेवा, ते मिळाले नाही तर स्वच्छ पांढऱ्या सुती कापडात. टाचण्या आणि रबरबँड काढून टाका. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर बदला. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ नकोत. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. मऊ पेन्सिलीने, कडेला, डावीकडून उजवीकडे नावे लिहा.

कागद ३०० डीपीआयने आणि फोटो ६०० डीपीआयने स्कॅन करा. फाइलला ‘आयएमजी ००४७’ असे नाव राहू देऊ नका. साल, ठिकाण आणि व्यक्ती घाला. तीन प्रती करा. एक घरात, एक क्लाउडवर, एक गावच्या भावाकडे.

ट्रंकेच्या तळाशी काडतूस, तोफगोळ्याचे कवच किंवा संगीन निघाली तर ती शोकेसमध्ये मांडू नका. रिकामे आहे असे वाटले तरी हलवू नका, पोलिसांना कळवा. गणवेश जपून ठेवा, पण नातवाने तो अंगावर चढवून सैनिक म्हणून मिरवणे कायद्याने गुन्हा ठरू शकते. समाजमाध्यमांवर टाकताना सर्व्हिस नंबर, पीपीओ आणि बँकेचा तपशील झाका. निवृत्तिवेतनधारकांना फसवणारे टपलेलेच असतात.

चारचौघांत आठवण

शेवटी एक छोटी पुस्तिका करा. सोळा पानेही खूप झाली. पहिल्या पानावर नोंदी, मग पलटणीचा इतिहास दोन पानांत, मग त्यांचे शब्द, आईचे शब्द, पत्रे, फोटो आणि शेवटी एक नकाशा. जे कागदाने सिद्ध होते, जे त्यांनी सांगितले आणि जे घरात ऐकिवात आहे, ते तीन वेगळ्या रीतींनी छापा. पुस्तिकेची विश्वासार्हता तिथेच ठरते. एक प्रत गावच्या शाळेला द्या. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. स्थानिक इतिहासासाठी प्रत ठेवून घ्याल का, असे तिथल्या ग्रंथपालांना विचारा.

दिवसही ठरलेले आहेत. ७ डिसेंबर सशस्त्र सेना ध्वजदिन, ४ डिसेंबर नौदल दिन, १६ डिसेंबर विजय दिवस, १४ जानेवारी माजी सैनिक दिन, २६ जुलै कारगिल विजय दिवस. नौसैनिकाच्या नातवंडांना कल्याणला दुर्गाडीजवळ उभी केलेली नौदलाची निवृत्त नौका ‘टी-८०’ दाखवा. शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. सोसायटीच्या झेंडावंदनाला प्रमुख पाहुणा म्हणून नगरसेवकच हवा असे नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सुभेदारांना बोलवा. भाषण नको, पाच मिनिटे त्यांच्या पलटणीबद्दल बोलू द्या. ‘युद्धवीर’, ‘शत्रूचा कर्दनकाळ’ असली विशेषणे फलकावर नकोत. नाव, हुद्दा, पलटण, साल एवढे पुरेसे आहे. तेवढ्यानेच त्यांची छाती भरून येईल.

हे सगळे एका आठवड्यात होणार नाही, व्हायलाही नको. पण पहिले पान आज होऊ शकते. वडील किंवा आई हयात असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि नंबर विचारा. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या फौजेचा नंबर बहुतेक माजी सैनिक आजही न अडखळता सांगतात. तो वहीत उतरवा, खाली पलटणीचे नाव लिहा आणि तारीख घाला. ट्रंक मात्र पुनर्विकासाच्या ट्रकमध्ये चढण्याआधी उघडा.